स्वीडनमधली सर्वसाधारण सभा

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या गच्चीवर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



विषयाचा फलक वाचून लिफ्टमध्येच एकाने मला विचारलं, "काका, स्वीडनच्या कंपन्यांशी आपला काय संबंध?" एक संबंध पुण्याचा. अल्फा लावल, सँडविक, अ‍ॅटलास कॉप्को, एसकेएफ या मूळच्या स्वीडिश कंपन्या दापोडी-चिंचवडच्या बाजूला इतकी वर्षं आहेत की आपल्यापैकी काही घरांची चूल त्यांच्यावर चालली. दुसरा संबंध जरा नाजूक आहे, तो पुढे सांगतो.

2003 साली स्वीडनमध्ये स्कॅन्डिया या जुन्या विमा कंपनीचं प्रकरण गाजलं. वरिष्ठ अधिकाऱ्यांना अफाट बोनस मिळाले होते, शिवाय कंपनीच्या पैशांतून काहींच्या स्टॉकहोममधल्या फ्लॅटचं नूतनीकरण झालं होतं. बोनसचे आकडे सामान्य माणसाच्या डोक्यावरून जातात. पण दुसऱ्याच्या पैशांतून कुणाचं घर सजलं म्हटलं की तुम्हाआम्हालाही लगेच समजतं. लोक खवळले. कंपन्यांवरचा विश्वास कसा टिकवायचा यासाठी सरकारने आधीच एक आयोग नेमला होता. त्या सगळ्यातून एक आचारसंहिता तयार झाली आणि 1 जुलै 2005 पासून शेअर बाजारातल्या मोठ्या कंपन्यांना लागू झाली. 2008 पासून ती बाजारातल्या सगळ्याच कंपन्यांना लागू आहे.

ती कायदा नाही. कंपनी कायदा वेगळा आहे, तो मोडता येत नाही. संहितेचं सूत्र असं, की नियम पाळा, नाहीतर का पाळला नाही आणि त्याऐवजी काय केलं ते जाहीरपणे लिहा. आपल्याकडे "यंदा जमलं नाही" एवढ्यावर भागतं. तिथे ते वाक्य छापावं लागतं आणि खाली संचालक मंडळाची जबाबदारी असते.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे निवड समिती. नवं संचालक मंडळ कोण सुचवणार? बहुतेक देशांत जुनं मंडळच आपल्यातून एक उपसमिती नेमतं. स्वीडनमध्ये ही समिती भागधारकांची असते. मोठ्या भागधारकांचे प्रतिनिधी तिच्यात बसतात, किमान तीन जण. कंपनीचा मुख्याधिकारी तिच्यात असू शकत नाही. मंडळाचा अध्यक्ष सदस्य होऊ शकतो, पण समितीचा अध्यक्ष होऊ शकत नाही. उमेदवार का सुचवले, मंडळात स्त्री-पुरुषांचं प्रमाण नीट आहे का, याचं स्पष्टीकरण तिने सभेआधी द्यायचं. आणि निवड एकाच वर्षासाठी. म्हणजे "मागचेच सगळे पुढे चालू" हे म्हणायलासुद्धा दर वर्षी कुणालातरी कारण लिहावं लागतं.

आता तो नाजूक संबंध. मी या सोसायटीचा सहा वर्षं खजिनदार होतो, सहाही वर्षं बिनविरोध. त्या काळात बी विंगच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग मी माझ्या ओळखीच्या ठेकेदाराला दिलं. कोटेशनं तीन मागवली होती, पण मनात आधीच ठरलं होतं, हे आज कबूल करतो. दुसऱ्या पावसाळ्यात गळती सुरू झाली. जिन्यात कुजबुज झाली, पण सभेत एकानेही विचारलं नाही. टाळ्या वाजल्या, हिशेब मंजूर, चहा-समोसे. मला त्या दिवशी सुटल्यासारखं वाटलं, आणि नंतर बरीच वर्षं लाज वाटली.

स्वीडनमध्ये हिशेब मंजूर होणं आणि माणसं जबाबदारीतून मोकळी होणं, हे दोन वेगळे ठराव असतात. दर वर्षी सभेला विचारतात, गेल्या वर्षाबद्दल संचालकांना आणि मुख्याधिकाऱ्याला जबाबदारीतून मुक्त करायचं का? एरवी होकारच येतो. पण एकूण शेअर्सपैकी एक दशांश शेअर्स असलेल्यांनी विरोधात मत दिलं, तर कंपनीच्या वतीने नुकसानभरपाईचा दावा लावता येतो. हे नुसतं कागदावर नाही. मार्च 2019 मध्ये स्वेडबँकेवर काळ्या पैशाच्या व्यवहारांवरून वादळ उठलं होतं. वार्षिक सभेच्या दिवशी सकाळीच मंडळाने मुख्याधिकाऱ्याला पदावरून दूर केलं आणि दुपारी भागधारकांनी त्यांना मुक्ती नाकारली.

इतिवृत्ताचंही तसंच. ते तपासून सही करणारा भागधारक सभेतच निवडतात आणि तो मंडळातला किंवा कंपनीचा नोकर नसावा असं संहिता सांगते. दोन आठवड्यांत ते भागधारकांना बघायला मिळालं पाहिजे. आपलं इतिवृत्त पुढच्या वर्षी वाचतात, तेव्हा कोण काय बोललं होतं हे बोलणाऱ्यालाही आठवत नाही.

सगळं तिथे सोन्याचं आहे असं मात्र समजू नका. 'ए' आणि 'बी' अशा दोन जातींचे शेअर्स तिथे सर्रास आहेत. एका शेअरला दुसऱ्याच्या दहापट मतं असू शकतात. एरिक्सनमध्ये 2004 पर्यंत हे प्रमाण चक्क हजारास एक होतं. थोडे पैसे आणि जास्त सत्ता. आपली एक सभासद, एक मत ही पद्धत त्यापेक्षा कितीतरी चांगली. गंमत म्हणजे स्वीडनमधल्या गृहनिर्माण सहकारी संस्थांतही साधारण तीच पद्धत आहे. त्यांची एचएसबी ही सहकारी चळवळ 1923 पासूनची. इमारत संस्थेची, राहण्याचा हक्क सभासदाचा, आणि त्यांच्याकडेही निवड समिती आणि मुक्तीचा ठराव असतो.

भाषणानंतर ए विंगच्या वहिनींनी विचारलं, "इथे कमिटीवर यायलाच कुणी तयार नसतं, मग निवड समिती कुणाला निवडणार?" प्रश्न रास्त आहे. तिथे कंपनीच्या संचालकांना मानधन मिळतं आणि ते किती हे सभाच ठरवते. आपल्याकडे मानधन नाही, शिव्या आहेत. तरी मी एवढं सुचवलं, की येत्या निवडणुकीआधी प्रत्येक विंगमधून कमिटीबाहेरचा एकेक जण घेऊन तिघांनी घरोघरी विचारून बघावं. अधिकार काही नाही, फक्त विचारायचं. सी विंगचं मी करतो म्हणालो आहे. ए आणि बी विंगची नावं अजून आलेली नाहीत.