छत्रीचं कापड आणि तापणारं रबर

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



काल रात्री पंगतीत आपल्यातल्याच एकाने विचारलं, "तू नेमकं करतोस तरी काय रे?" मी म्हटलं, "रबराची पट्टी तापवतो आणि तिच्यातून लेसर सोडतो." तो म्हणाला, "आणि याचा पगार देतात?" देतात. का देतात, ते सांगायला संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत.

सुरुवात याच शाळेत झाली. आठवीत असताना एका पावसाळी संध्याकाळी मी छत्रीच्या कापडातून रस्त्यावरचा दिवा पाहिला. एका दिव्याचे कितीतरी दिवे दिसले, फुलीच्या आकारात मांडलेले, कडेला रंगीत. दुसऱ्या दिवशी वर्गात सरांना कारण विचारलं. सर क्षणभर थांबले आणि म्हणाले, "मला ठाऊक नाही. बघू या." वर्ग चिडीचूप. सरांना एखादी गोष्ट ठाऊक नसते, हे आम्हाला नवीन होतं.

त्या संध्याकाळी सर धोतराचा जाडसर तुकडा, छत्री आणि मलमलीचा तलम रुमाल घेऊन आले. प्रत्येकातून दिवा बघायला लावला. वीण जितकी बारीक, तितके ठिपके एकमेकांपासून लांब! माझा पुढचा सगळा व्यवसाय या एका वाक्यावर उभा आहे.

पुढे वाचनात आलं की हाच प्रश्न १७८५ साली फिलाडेल्फियात फ्रान्सिस हॉपकिन्सन यांनी विचारला होता. त्यांनी रेशमी रुमालातून दिवा पाहिला आणि डेव्हिड रिटनहाउस यांना गाठलं. रिटनहाउसनी बारीक आट्यांच्या स्क्रूंवर केस ताणून समांतर रेघांची जाळी बनवली. त्यालाच आपण विवर्तन जाळी, ग्रेटिंग म्हणतो. सीडीवर दिसणारे रंगही अशाच १.६ मायक्रॉन अंतरावरच्या रेघांचे. प्रकाशातले रंग वेगळे करायला ही जाळी लागते. पण काचेवर रेघा एकदा कोरल्या की त्यांच्यातलं अंतर कायमचं ठरलं. किरण दुसरीकडे वळवायचा तर जाळीच फिरवायची किंवा बदलायची. कापड न बदलता त्याची वीण बारीक करता आली तर?

इथे आमचं रबर येतं. द्रव स्फटिक तुमच्या घड्याळात आणि टीव्हीत आहेत. त्यांचे लांबोडके रेणू द्रवासारखे वाहतात, तरी एका दिशेने रांगेत राहतात. हे रेणू रबराच्या साखळ्यांना जोडायचे. १९८१ साली हाइनो फिंकेलमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तसं रबर बनवलं. याला लिक्विड क्रिस्टल इलॅस्टोमर म्हणतात. बनवताना रबर ताणून ठेवलं की रेणू ताणाच्या दिशेने रांग धरतात. तापवलं की रांग मोडते आणि रबर त्या दिशेने आक्रसतं. थंड झालं की पुन्हा लांब होतं.

अशा रबरावर दोन मायक्रॉन अंतराने रेघा उठवल्या, तर तांबडा लेसर सुमारे १८.४ अंशांत वळतो. रबर दहा टक्के आक्रसलं की अंतर १.८ मायक्रॉन होतं आणि किरण २०.६ अंशांवर जातो. मोटर नाही, दातेरी चाक नाही. रबरात अ‍ॅझोबेंझीन जातीचा रंग मिसळला तर तापवायचीही गरज नाही, नुसत्या प्रकाशाने ते आक्रसतं.

आता जे सांगायला मी खरा उभा राहिलो, ते. आमच्या पहिल्या पट्टीवर लेसरचे ठिपके लांब जायच्या ऐवजी जवळ आले. १८.४ वरून साडेसतरा! पट्टी एका विद्यार्थिनीने कापली होती. मी सगळ्यांसमोर तिला बोललो. "सर, तुमच्या खुणेप्रमाणेच कापली," ती म्हणाली. मी ऐकून घेतलं नाही. तीन आठवडे ती बिचारी नव्या पट्ट्या कापत होती आणि ठिपके दर वेळी जवळच येत होते.

शेवटी एका संध्याकाळी मी लेसर बंद केला, उरलेल्या रबराचा चौकोनी तुकडा तापवला आणि फूटपट्टीने मोजला. मी ज्या बाजूला लांबी समजत होतो, ती रुंदी होती. हे रबर रेणूंच्या दिशेने आखूड होतं, पण त्याचं आकारमान तेवढंच राहतं, म्हणून आडव्या दिशेने ते फुगतं. रेघा आडव्या फुगल्या, अंतर वाढलं, ठिपके जवळ आले. पट्टी शहाणी होती. बाणाची खूण मी काटकोनात चुकवली होती.

दुसऱ्या दिवशी मी तिची सगळ्यांसमोर माफी मागितली. सोपं गेलं नाही. पहिल्याच दिवशी "मला ठाऊक नाही, बघू या" म्हटलं असतं, तर तिचे तीन आठवडे वाचले असते. तेरा वर्षांच्या मुलांपुढे सरांना जे जमलं, ते मला पन्नाशीत, दोन पदव्या गाठीला असताना जमलं नव्हतं. तिच्या त्या "चुकीच्या" पट्ट्या मात्र टाकल्या नाहीत. एकाच रबरातून किरण दोन्हीकडे सरकवता येतो, याचा पुरावा त्याच आहेत.

सर आज आपल्यात नाहीत. त्यांच्या आठवणीसाठी शाळेच्या प्रयोगशाळेला एक छोटा लेसर आणि तीन जाळ्या दिल्या आहेत. मुलांनो, लेसर भिंतीवर पाडून बघायचा, डोळ्यात कधीही घ्यायचा नाही. खोक्यात एक काळी छत्रीही ठेवली आहे. ती रात्री रस्त्यावरच्या दिव्यासमोर धरा, आणि जे दिसेल ते बाईंना विचारा.

बाई, उत्तर लगेच आलं नाही तरी चालेल.