प्रशियाच्या तोफा बदलणारा सेनानी

१८७० साली फ्रान्स आणि प्रशिया हे जर्मन राज्य यांच्यातल्या युद्धात सेदानजवळ फ्रेंच सैन्याची कोंडी झाली, ती भोवतालच्या टेकड्यांवरून धडधडणाऱ्या प्रशियन तोफांमुळे. त्या तोफखान्याची घडी बसवणारे सेनानी म्हणजे गुस्ताव एडुआर्ड फॉन हिंडरसिन.

त्यांचा जन्म १८०४ साली वेर्निगेरोडे इथे झाला. १८२० मध्ये ते तोफखान्यात भरती झाले आणि गुणांच्या जोरावर वर चढत गेले. १८६४ च्या डेन्मार्कविरुद्धच्या युद्धात ड्यूपेलच्या वेढ्यातली तोफांची आघाडी त्यांनी सांभाळली. त्याच वर्षी ते तोफखान्याचे मुख्य निरीक्षक झाले.

दोनच वर्षांनी, ऑस्ट्रियाशी झालेल्या युद्धात, प्रशिया जिंकला खरा, पण तोफखाना फिका पडला. बऱ्याच तोफा अजून गुळगुळीत नळीच्या होत्या.

हिंडरसिन यांनी आटे पाडलेल्या नळीच्या तोफांचा आग्रह धरला. नळीतल्या आट्यांमुळे गोळा स्वतःभोवती फिरत जातो आणि दिशा सोडत नाही. क्रुप या जर्मन कारखान्याच्या या पोलादी तोफा मागून भरता येत. फ्रेंचांच्या काशाच्या तोफा तोंडाकडूनच भराव्या लागत. शिवाय प्रशियन गोळा आदळताच फुटे.

पण नुसत्या चांगल्या तोफेने नेम साधत नाही, हे ते जाणून होते. म्हणून १८६७ मध्ये त्यांनी बर्लिनमध्ये तोफखान्याची नेमबाजी शाळा उभी केली. तिथे अंतराचा अंदाज घेणं आणि पडलेला गोळा पाहून नेम सुधारणं, याचा सराव होई.

जानेवारी १८७२ मध्ये बर्लिनमध्ये त्यांचं निधन झालं. पुढे पोमेरेनियातल्या एका तोफखाना रेजिमेंटला त्यांचं नाव देण्यात आलं.