हिरड्यांतलं रक्त आणि हृदयाचा धोका

(परदेशातल्या मराठी मंडळाच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचा लेखी गोषवारा)



 मी बंगळुरूतल्या चामराजपेटमध्ये हिरड्यांच्या विकारांवर उपचार करते. आमची पेठ 1892 साली वसली. मिंटो नेत्र रुग्णालय, व्हिक्टोरिया रुग्णालय आणि 1958 साली सुरू झालेलं शासकीय दंत महाविद्यालय हे सगळं तिथून हाकेच्या अंतरावर आहे. शहाजीराजांना बंगळुरूची जहागीर मिळाली तेव्हापासून या शहरात मराठी बोलली जाते, त्यामुळे दवाखान्यात कन्नडच्या जोडीनं मराठीतली तक्रारही कानावर येते. सगळ्यांत जास्त ऐकू येणारी तक्रार अशी: "ब्रश करताना थोडं रक्त येतं, पण दुखत काहीच नाही."

आजचा विषय त्या "दुखत काहीच नाही"चा आहे.

दातांवर रोज जंतूंचा पातळ थर बसतो. तो वेळेवर निघाला नाही तर कडक होऊन त्याचं किटण होतं. हिरडी सुजते, दातापासून सुटते आणि मध्ये खाच तयार होते. आम्ही मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी हिरडीच्या कडेतून आत घालतो आणि आकडे सांगत जातो: दोन, तीन, दोन. मदतनीस ते कागदावर लिहून घेते. तीनपर्यंत काळजी नसते. मागच्या दाढांशी पोचलं की आकडे पाच, सहा, सात होतात आणि सळईच्या टोकाशी रक्ताचा थेंब दिसतो. एवढं होऊनही त्या माणसाचा एकही दात कधी ठणकलेला नसतो.

या खाचांच्या आतला सुजलेला पृष्ठभाग मोजला गेला आहे. आजार पसरलेल्या तोंडात तो साधारण 8 ते 20 चौरस सेंटिमीटर भरतो. एवढी जखम पायावर असती तर आपण त्याच दिवशी डॉक्टर गाठला असता. तोंडात ती वर्षानुवर्षं राहते. चावताना, ब्रश करताना तिथले जंतू थोडे थोडे रक्तात उतरतात आणि शरीरात दाह धुमसत राहतो. रक्तवाहिन्यांच्या भिंतींत चरबीचे थर साचतात, त्यातही या दाहाचा हात असतो. हिरड्यांतले जंतू अशा थरांमध्ये सापडलेही आहेत.

आता पुरावा पाहू. 1989 साली हेलसिंकीच्या डॉक्टरांनी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या 100 रुग्णांची तोंडं तपासली आणि त्यांची तुलना साधारण तेवढ्याच इतर लोकांशी केली. रुग्णांची तोंडं जास्त खराब निघाली. 2010 साली स्कॉटलंडमधल्या 11 हजारांहून अधिक लोकांच्या पाहणीत दिसलं, की क्वचितच दात घासणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका दिवसातून दोनदा घासणाऱ्यांपेक्षा सुमारे 70 टक्के जास्त होता.

हे ऐकून उद्यापासून चार वेळा ब्रश करून हृदय वाचवायला निघू नका. दात न घासणारा माणूस बरेचदा धूम्रपानही करतो आणि व्यायाम टाळतो. हे घटक हिशेबात धरूनही संबंध उरतो, पण संबंध आहे म्हणून कारण सिद्ध होत नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशननं 2012 साली सगळे पुरावे तपासून हेच म्हटलं: हिरड्यांचा आजार आणि हृदयविकार यांचा संबंध आहे, पण हिरड्यांवर उपचार केल्यानं झटका टळतो हे सिद्ध झालेलं नाही.

या बाबतीत वैद्यकशास्त्राचे हात एकदा पोळले आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला संधिवातापासून मनोविकारापर्यंत अनेक दुखण्यांचं मूळ दातात आहे असं डॉक्टर मानू लागले आणि हजारो लोकांचे चांगले दात उपटले गेले. लोक बरे झाले नाहीत, बोळके मात्र झाले. म्हणून आज "रूट कॅनालमुळे हृदय बिघडतं" असं कुणी सांगितलं तर दात काढायला धावू नका.

हृदयाचे मोठे शत्रू आपल्याला माहीत आहेत. 1996 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आमच्या बंगळुरूतलाच एक अभ्यास छापून आला. झटका आलेल्या 200 रुग्णांची 200 इतरांशी तुलना केली, तेव्हा सिगारेट-बिडी सगळ्यांत वरचा गुन्हेगार ठरली, आणि रक्तदाब, मधुमेह व पोटाचा घेर तिच्या सोबतीला होते. पुढे इंटरहार्ट या जागतिक अभ्यासात दिसलं, की दक्षिण आशियाई माणसाला पहिला झटका सरासरी 53व्या वर्षी येतो, इतरांना 59च्या आसपास. देश बदलला तरी आपला हा धोका आपल्या सोबत येतो.

तंबाखू मात्र हिरड्या आणि हृदय या दोघांचीही वैरी आहे. धूम्रपान करणाऱ्याच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं, कारण निकोटिननं तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात. आजार आत वाढत जातो आणि माणूस निर्धास्त राहतो. आपल्याकडची मशेरी, म्हणजे भाजून दातांना लावलेली तंबाखू, हीसुद्धा तंबाखूच. तंबाखूची दंतमंजनं विकायला भारतात 1992 पासून बंदी आहे, गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 साली आणि कर्नाटकात 2013 साली बंदी आली. पण मशेरी घरच्या तव्यावर भाजली जाते. ती लावणाऱ्या आजीला आपण व्यसनी समजत नाही. तिच्या रक्तात निकोटिन उतरतंच.

आता रोजच्या उपयोगाचं सांगते. ज्यांच्या हृदयात कृत्रिम झडप आहे किंवा ज्यांना पूर्वी झडपेचा जंतुसंसर्ग झाला आहे, त्यांच्यासाठी तोंड आणि हृदय यांचं नातं सिद्ध आहे. तोंडातले जंतू झडपेवर घर करू शकतात. दाढ काढण्याआधी किंवा हिरड्यांची सफाई करण्याआधी त्यांना प्रतिजैविकाची मात्रा घ्यावी लागते.

स्टेंट बसवलेल्या माणसानं दाढ काढायची म्हणून रक्त पातळ करणारी गोळी मनानं बंद करू नये. हिरडीतला रक्तस्राव दाबून थांबवता येतो, स्टेंटमध्ये गुठळी झाली तर जीव जातो. रक्तदाबाच्या अ‍ॅम्लोडिपिननं काहींच्या हिरड्या फुगून दातांवर चढतात. तसं दिसलं तर गोळी न सोडता डॉक्टरांना दाखवा. आणि चालताना किंवा जिना चढताना खालचा जबडा दुखायला लागून थांबल्यावर दुखणं थांबत असेल, तर ते दुखणं हृदयाचं असू शकतं. आधी ईसीजी काढा, मग दाताचं बघा.

मग हिरड्यांवर उपचार का करायचे? दात टिकतात, नीट चावता येतं, मधुमेही माणसाची साखर थोडी आटोक्यात येते, हे फायदे नक्की आहेत. 2007 सालच्या एका चाचणीत खोल सफाईनंतर सहा महिन्यांनी रक्तवाहिन्यांची लवचीकता सुधारलेली दिसली. पहिल्या दिवशी मात्र ती तात्पुरती घटली होती. म्हणून नुकताच झटका येऊन गेला असेल तर सफाईची वेळ हृदयाच्या डॉक्टरांना विचारून ठरवा. सफाईनं दात सैल होतात ही समजूत सोडून द्या. दात आजारानं आधीच सैल झालेले असतात, किटण निघाल्यावर ते जाणवतं एवढंच.

तुमच्यापैकी बरेच जण सुट्टीत घरी आलात की दोन आठवड्यांत दातांची सगळी कामं उरकून घेता. इथला खर्च पाहता ते समजण्यासारखं आहे. पण हिरड्यांचा उपचार दोन आठवड्यांत संपत नाही. काही आठवड्यांनी पुन्हा मोजमाप करावं लागतं आणि पुढेही ठरावीक काळानं तपासणी लागते. येताना औषधांची यादी आणा, जाताना मोजमापाचा कागद मागून घ्या आणि इथल्या डॉक्टरांना दाखवा.

पुण्यात, बेळगावात, बंगळुरूत तुमचे आई-वडील आहेत. रविवारच्या फोनवर त्यांच्या रक्तदाबाची आणि साखरेची चौकशी तुम्ही करताच. त्यात आणखी एक प्रश्न घाला: "हिरड्यांतून रक्त येतं का?" उत्तर हो आलं, तर त्याच महिन्यात त्यांना दातांच्या डॉक्टरकडे पाठवा, आणि ते हृदयाची जी औषधं घेतात त्यांची यादी सोबत न्यायला सांगा.