उमेदवारीचे श्रेयांक

बिदर शहरातील बिदरीकामाच्या कारखान्यात नवशिक्या मुलास पहिल्याच दिवशी नक्षी कोरावयास कोणी बसवीत नाही. जस्त व तांबे यांच्या मिश्रणाचे ओतीव भांडे घासावे, कोरलेल्या रेषेत रुप्याची तार कशी ठोकून बसवितात ते पाहावे, उस्तादाच्या हाताची चाल न्याहाळावी, असा त्याचा आरंभीचा काळ जातो. शेवटी किल्ल्यातील माती व नवसागर यांच्या मिश्रणाने भांडे काळे पडते आणि रुपे तेवढे उजळ राहते. या विद्येस गुणपत्रिका नाही. भांडे साधले की विद्या साधली. याच शहरात १४७२ साली महमूद गावानाने बांधविलेला मदरसा आजही उभा आहे. ग्रंथांची विद्या तेथे आणि हातांची विद्या कारखान्यात, अशी विभागणी आपल्या शिक्षणात शतकानुशतके चालत आली.

ही विभागणी काही अंशी मोडावी, असा प्रयत्न अलीकडे विद्यापीठांत सुरू झाला आहे. वृत्तपत्र, नभोवाणी, चित्रवाणी, जाहिरात, जनसंपर्क या क्षेत्रांत विद्यार्थ्याने काही काळ प्रत्यक्ष काम करावे व त्या कामाचे श्रेयांक पदवीत धरले जावेत, अशी ही योजना आहे. पूर्वी या कामास उमेदवारी म्हणत. आता आंतरवासिता म्हणतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली पदवीचा जो आराखडा दिला, त्यात तीन वर्षांच्या पदवीस १२० श्रेयांक असून त्यांतील दोन ते चार आंतरवासितेचे आहेत. एका श्रेयांकास ३० तास, असा आयोगाचा हिशेब आहे. म्हणजे चार श्रेयांकांसाठी १२० तास. रोज सहा तास धरल्यास वीस दिवस. कर्नाटकाने हे धोरण २०२१-२२ मध्ये स्वीकारले आणि २०२४-२५ पासून चार वर्षांचा क्रम सोडून तीन वर्षांची पदवी पुन्हा आणली. आराखडे असे बदलतात. परंतु वीस दिवसांत विद्यार्थ्याच्या पदरी काय पडते, हा प्रश्न कोणत्याही आराखड्यात तसाच राहतो.

मराठी वृत्तपत्रसृष्टीस उमेदवारी नवी नाही. पुण्यात विद्यापीठाचा वृत्तविद्येचा अभ्यासक्रम १९६४ साली सुरू झाला. त्यापूर्वीचे बहुतेक संपादक मुद्रिते तपासता तपासता व तारांचे भाषांतर करता करताच घडले. मात्र त्या काळी उमेदवार जे लिही, ते दुसऱ्या दिवशी छापून वाचकांपुढे येई. चूक झाली तर ती गावभर होई. त्या जबाबदारीनेच त्याला शिकविले. तास मोजून ती जबाबदारी अंगी येत नाही.

बिदर व कलबुर्गी या जिल्ह्यांत या प्रश्नास निराळे महत्त्व आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद संस्थानाची वाटणी झाली, तेव्हा बिदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले. भालकी, औराद, बसवकल्याण इकडे राहिले. कलबुर्गीचा आळंद तालुकाही असाच सीमेवरचा. या भागातील मुलगा घरी मराठी बोलतो, कचेरीत कन्नड वाचतो, बाजारात दखनी उर्दूने व्यवहार करतो आणि महाविद्यालयात इंग्रजीशी झुंजतो. परीक्षेत ही बहुभाषिकता त्याला ओझे वाटते. वृत्तपत्राच्या किंवा नभोवाणीच्या कामात मात्र तेच त्याचे भांडवल ठरावे. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ काढले, तेच मुळी इंग्रजी व मराठी असे दोन स्तंभ शेजारी शेजारी मांडून. मराठी वृत्तपत्राचा जन्मच दोन भाषांच्या मध्ये उभ्या राहिलेल्या माणसाच्या हातून झाला, हे विसरता कामा नये.

एक साधे उदाहरण घ्यावे. हा तुरीचा मुलूख आहे. शेंगा पोखरणाऱ्या अळीवर कोणते औषध फवारावे, याची सूचना कन्नडमध्ये निघाली. ती आळंद तालुक्यातील मराठी शेतकऱ्यास समजावी म्हणून एखाद्या विद्यार्थ्याकडे भाषांतरास दिली, असे समजू. औषधाचे प्रमाण दर लिटर पाण्यास आहे की दर एकरास, एवढाच शब्द चुकला तर शेतकऱ्याचे पीक व पैसा दोन्ही जातील. तो शब्द बरोबर आहे याची खात्री करण्यासाठी विद्यार्थ्याने कृषितज्ज्ञास विचारले, मग मजकूर एखाद्या शेतकऱ्यास वाचून दाखविला व त्याला तो कळला की नाही हे पाहिले, तर त्या एका दिवसात तो संज्ञापनाचे मर्म शिकला, असे म्हणावयास हरकत नाही.

अशा कामासाठी बंगळूर किंवा पुणे गाठलेच पाहिजे असे नाही. कलबुर्गीस आकाशवाणीचे केंद्र १९६६ पासून आहे. १९७५-७६ मध्ये सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत उपग्रहाद्वारे चित्रवाणी पोहोचविण्याचा जो प्रयोग झाला, त्यात गुलबर्गा जिल्ह्यातील खेडीही होती. १९८० साली स्थापन झालेले गुलबर्गा विद्यापीठ व २००९ साली स्थापन झालेले, आळंद तालुक्यातील कडगंचीचे केंद्रीय विद्यापीठ जवळ आहे. २०१७ साली बिदर-कलबुर्गी लोहमार्ग सुरू झाल्याने दोन्ही शहरे सरळ जोडली गेली. शिवाय जिल्ह्याची वृत्तपत्रे, कृषी विज्ञान केंद्रे आणि रुग्णालये आहेत. यांतील पुष्कळ ठिकाणी दोन भाषा जाणणाऱ्या माणसाची गरज आहे.

अडचणीही लपवून चालणार नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कारखान्यातील उमेदवारास विद्यावेतन मिळते. आंतरवासितेस गेलेल्या विद्यार्थ्यास ते मिळेलच असे नाही. सुट्टीत शेतावर राबणाऱ्या मुलास वीस दिवसांचे गाडीभाडे व जेवण कोण देणार? ज्याच्या घरी ऐपत आहे तो मोठ्या शहरात जाऊन शिकेल. ज्याच्या घरी नाही तो ओळखीच्या कचेरीतून सहीशिक्क्याचा कागद मिळवील. श्रेयांक दोघांनाही सारखेच मिळतील. ही समानता केवळ कागदावरची होय.

यावर उपाय फार खर्चाचा नाही. विद्यार्थ्याला त्याच्या तालुक्याजवळ काम द्यावे, प्रवासखर्च महाविद्यालयाने उचलावा आणि श्रेयांक देताना हजेरीबरोबर त्याने प्रत्यक्ष छापलेले, ध्वनिक्षेपित केलेले किंवा भाषांतरिलेले काम शिक्षकाने तपासावे. त्यात काय चुकले व ते कसे सुधारले, याची नोंदही मागावी.

२०२१ पासून देशात श्रेयांकांची पेढी आहे. तीत जमा झालेले श्रेयांक, घेणाऱ्या संस्थेने मान्य केल्यास, दुसऱ्या राज्यातील विद्यापीठातही चालू शकतात. भालकीचा विद्यार्थी उद्या लातूरला किंवा नांदेडला गेला, तर त्याची शिदोरी सीमेवर अडून राहण्याचे कारण नाही. मात्र त्या शिदोरीत खरे अन्न असले पाहिजे. वरून रुपेरी दिसणाऱ्या भांड्यात तार खरोखर बसविली आहे की नुसता मुलामा आहे, हे बिदरच्या कारागिराला लगेच कळते. विद्यार्थ्याचे काम पारखणारी तशी नजर महाविद्यालयांना कमवावी लागेल.