विश्वासाची शिदोरी
(रुग्णालयाच्या वार्षिक सभेतील भाषण)



साथ आली की रुग्णालयाचीही परीक्षा होते. लोक आजार घेऊन आपल्या दाराशी येतात की आजार लपवून ठेवतात, यावर साथीचे पुढचे बरेच काही अवलंबून असते.

सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात प्लेग ओळखला. रुग्णांना सक्तीने हलवणे सुरू झाले आणि रुग्णालयात गेलेला माणूस परतत नाही, असा समज पसरला. २९ ऑक्टोबर रोजी गिरणी कामगारांचा मोठा जमाव आर्थर रोड रुग्णालयावर चालून गेला. पुढे निरनिराळ्या समाजांना स्वतःची प्लेग रुग्णालये चालवू दिली गेली. तेथे आपली माणसे व आपले अन्न होते. म्हणून लोकांचे भय कमी झाले.

१८९७ मध्ये पुण्यात रँडसाहेबांच्या अमदानीत गोरे सोजीर झडतीसाठी घराघरांत शिरले. लोक रुग्णांना लपवू लागले. त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले व त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी गावाबाहेर दवाखाना उघडला. रुग्णांची सेवा करतानाच सावित्रीबाईंना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. रुग्णाला वेगळे ठेवणे दोन्हीकडे होते. एकीकडे हुकूम होता, दुसरीकडे माया होती.

१ एप्रिल २०२० रोजी धारावीत करोनाचा पहिला रुग्ण आढळला. तेव्हा लस नव्हती आणि दाट वस्तीत अंतर राखणेही अशक्य होते. महापालिकेच्या पथकांबरोबर वस्तीतले खाजगी डॉक्टर घरोघर गेले. ओळखीचा डॉक्टर पाहून लोकांनी दारे उघडली. विलगीकरणात जेवणाची सोय होती. जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीच्या प्रयत्नांचा गौरवाने उल्लेख केला.

मित्रहो, असा विश्वास साथ आल्यावर बाजारातून आणता येत नाही. तो एरवीच्या दिवसांत साठवावा लागतो: नातलगांना खरी परिस्थिती सांगून, बिलातील प्रत्येक रक्कम समजावून, गरिबाशीही आदराने बोलून. आपल्या देणगीतून खाटा व यंत्रे येतात. त्यांचा उपयोग व्हावा म्हणून ही शिदोरी आम्हां सर्वांनी रोज बांधायची आहे. यात आमची कुठे चूक झाली, तर ती आम्हांला निःसंकोच सांगावी, हीच नम्र विनंती.