चेनची धार, कंपनीचं स्टोअर आणि आपली सही

(यूएईत लँडस्केपिंग आणि खजुराच्या झाडांवर काम करणाऱ्या कामगारांसमोर सुट्टीच्या दिवशी केलेलं भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

खुर्च्या कमी आहेत, मागच्यांनी पुढे येऊन खालीच बसा, म्हणजे हातातली वस्तू दिसेल.

आपल्यातले बरेचजण इथे हेल्पर म्हणून आले आणि थोड्याच दिवसांत हातात चेनसॉ आली. शिकवलं कोणी? आधीच्या माणसाने. त्याला शिकवलं त्याच्या आधीच्याने. कोकणातल्या मंडळींना कोयता माहीत आहे. धार गेलेला कोयता लाकडात जात नाही, घसरतो आणि नडगीवर येतो. चेनचंही तेच, फक्त पूर्ण रेसवर ती सेकंदाला वीस मीटरच्या आसपास पळत असते. हात मागे घ्यायला वेळ मिळत नाही.

आधी चेन कुठली ते बघू. स्टोअरमध्ये जाऊन आपण म्हणतो, ‘अठरा इंची दे.’ हे पुरेसं नाही. अठरा इंची बारला वेगवेगळ्या चेन येतात. तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत: पिच, गेज आणि खालच्या ड्राइव्ह लिंकची संख्या. सलग तीन रिव्हेटांमधलं अंतर मोजून निम्मं केलं की पिच. ड्राइव्ह लिंकची जाडी म्हणजे गेज. बहुतेक बारवर, इंजिनाकडच्या टोकाला, हे आकडे कोरलेले असतात. तेल-भुसा पुसा म्हणजे दिसतील. ०.०५८च्या खाचेत ०.०५०ची चेन बसते, फिरतेही, म्हणून फोरमन म्हणतो ‘चालतंय’. पण ती आडवी डुलते, काप तिरका जातो आणि कधीतरी बारवरून उतरते.

दुसरं, दाताचा आकार. चौकोनी कोपऱ्याचा फुल चिझल दात स्वच्छ लाकडात झपाझप कापतो. पण आपलं झाड कुठलं? खजूर. त्याच्या बुंध्यावर काथ्यासारखे तंतू आणि त्या तंतूंत वाऱ्याने भरलेली वाळू. तिथे फुल चिझलची धार बघता बघता जाते. गोल कोपऱ्याचा सेमी चिझल थोडा हळू कापतो, पण वाळूत जास्त टिकतो. त्यातही लो किकबॅक चेन मिळत असेल तर तीच मागा. बारच्या टोकाचा वरचा पाव भाग कशाला टेकला की करवत उसळून तोंडाकडे येते, तो किकबॅक. अशी चेन तो कमी करते, पूर्ण थांबवत नाही. म्हणून चेन ब्रेक रोज तपासायचा आणि खांद्याच्या वर करवत न्यायची नाही, फांदी कितीही जवळ दिसली तरी.

चेन बोथट झाली हे कसं ओळखायचं? खाली काय पडतंय ते बघा. लाकडाचे ढलपे पडले तर धार आहे, पिठासारखा भुसा पडला तर गेली. खजुराचे मात्र तंतूच निघतात, तिथे हाताला विचारा. जोर लावावा लागला की थांबा.

धार लावताना इंजिन बंद, ब्रेक लावलेला, हातात ग्लोव्हज. गोल कानस चेनच्या मापाची घ्यायची: ०.३२५ पिचला साधारण ४.८ मिलिमीटरची, लहान लो प्रोफाइल चेनला ४ची. दाताच्या आतून बाहेर, एकाच दिशेने, बहुतेक चेनना तीस अंशात. पुढे-मागे घासायचं नाही. सर्वात झिजलेला दात शोधा आणि बाकीचे त्याच्या लांबीला आणा. नाहीतर करवत एका बाजूला ओढते.

आता खरी गंमत रेकरची. दातापुढचा तो छोटा उंचवटा, दात किती खोल शिरेल ते तो ठरवतो. बहुतेक चेनमध्ये तो दातापेक्षा ०.६५ मिलिमीटर खाली असतो. काहीजण जास्त ‘खावी’ म्हणून रेकर सपाट घासून टाकतात. अशी चेन भुकेल्या कुत्र्यासारखी लाकडाला धरते आणि उसळते. गेज लावूनच रेकर घासा. दातावरची झिजेची खूण आली की चेन बदला. तुटलेली चेन वेल्डिंग करून चालवायची तर अजिबात नाही. तुकडा उडाला तर बारच्या रेषेत उभा असलेला जातो.

ताण थंड चेनवर बघायचा, बारचं टोक उचलून धरून. चेन खालून लोंबू नये, पण हाताने फिरली पाहिजे. गरम झाल्यावर सैल पडते, मग पुन्हा ताणा. काम संपल्यावर सैल सोडा, नाहीतर थंड होताना आकसून बार आणि शाफ्टवर ताण देते. आणि तेलाच्या टाकीत गाडीचं जळकं ऑइल ओतू नका, मग कोणी काहीही म्हणो.

हे सगळं ऐकून तुम्ही म्हणाल, दादा, स्टोअरमध्ये कानसच नाही, चेन मागितली तर पगारातून कापतो म्हणतात. ऐका. २०२१चा कामगार कायदा क्रमांक ३३, कलम १३: संरक्षणाची साधनं देणं मालकाचं काम. कलम २५ प्रमाणे तुमच्या चुकीने किंवा मालकाच्या सूचना मोडल्याने अवजार मोडलं तर कपात करता येते. वाळूत झिजलेली चेन ही चूक नाही. म्हणून न वाचता कुठल्याही कागदावर सही नको. अपघात झाला तर कलम ३७ प्रमाणे उपचारांचा खर्च मालकाचा आणि सहा महिन्यांपर्यंत पूर्ण पगार. पण कलम ३८ वाचा: दिसेल अशा ठिकाणी लावलेले सुरक्षेचे नियम तुम्ही मुद्दाम मोडलेत हे सिद्ध झालं, तर भरपाई जाते. आणि रोज सकाळी आपण ‘चेन तपासली, ठीक आहे’ या कागदावर डोळे झाकून सही करतो! उद्या तोच कागद कोणाच्या बाजूने बोलेल? चेन खराब असेल तर त्याच रकान्यात ‘बोथट, बदलून हवी’ असं लिहा, तारीख टाका, मोबाइलवर फोटो काढा. फोरमनला व्हॉट्सअॅपवर पाठवा, तोंडी नको. गंभीर धोका मालकाला माहीत असूनही तो दूर करत नसेल, तर कलम ४५ नोटिशीशिवाय नोकरी सोडण्याची मुभा देतं. पण तिथवर जाण्याआधी मंत्रालयात तक्रार करा, आणि पुरावा जवळ असू द्या. घरगुती व्हिसावर माळी म्हणून असलेल्यांना वेगळा कायदा आहे, त्यांनी नंतर माझ्याशी बोला.

या टेबलावर तीन चेन ठेवल्यात. एक नवी, एक बोथट आणि एक जिचे रेकर घासून सपाट केलेत. ग्लोव्हज घाला आणि चार-चारजण येऊन ओळखा बघू कुठली कुठली ती. कानस दोनच आहेत, तेव्हा आधी ज्यांना उद्या सकाळी झाडावर जायचंय ते या.