न छापलेले निवाडे कोण मोजणार?

(विधी ग्रंथपालांच्या प्रशिक्षण वर्गात केलेले भाषण)



आम्ही कायद्याचे पंडित नाही, ग्रंथालयशास्त्राचे तर नाहीच. तरी इथे बोलायला उभे आहोत ते आमच्या एका फजितीमुळे. बडतर्फ कामगाराला निकालासाठी किती वर्षे थांबावे लागते आणि शेवटी किती जण कामावर परत जातात, हा प्रश्न घेऊन आम्ही एका विधी ग्रंथालयात गेलो होतो. ग्रंथपालांनी आपुलकीने कामगार खटल्यांच्या निकालपत्रिकांचे गठ्ठे काढून दिले. महिनाभर बसून आम्ही आकडे काढले, निवेदनात घातले. समोरच्या अधिकाऱ्याने एवढेच विचारले, "आणि जे निकाल या पत्रिकांत आलेच नाहीत, त्यांचे काय?" आम्ही गप्प.

दोष ग्रंथपालांचा नव्हता. त्यांना हवा तो निकाल शोधून द्यायला शिकवले होते आणि ते काम त्यांनी चोख केले. पण निकालपत्रिका कायद्याचा काही मुद्दा असलेला निकाल निवडून छापतात. वकिलाला तेवढे पुरते. प्रत्यक्ष नोंदी मोजून संशोधन करणाऱ्याला मात्र रोजचे, कंटाळवाणे, कोणी न निवडलेले निवाडेच लागतात.

ते मिळतात. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम १७ प्रमाणे निवाडा हाती आल्यापासून तीस दिवसांत तो प्रसिद्ध करणे सरकारवर बंधनकारक होते. बँका, खाणी, मोठी बंदरे अशा केंद्राच्या अखत्यारीतील उद्योगांचे निवाडे भारताच्या राजपत्रात, भाग २, विभाग ३, उपविभाग २ मध्ये येत. धनबादचा कोळसा कामगार आणि मुंबईचा बँक कर्मचारी एकाच मालिकेत सापडतो. वाद न्यायाधिकरणाकडे सोपवल्याच्या आदेशाची तारीख आणि निवाड्याची तारीख दोन्ही तिथे असतात. वजाबाकी केली की काळ निघतो.

वाटते तितके सोपे मात्र नाही, आणि प्रशिक्षण हवे ते इथेच. २०१० च्या दुरुस्तीनंतर बडतर्फ कामगाराला सरकारी आदेशाशिवाय थेट अर्ज करता येऊ लागला. म्हणजे मोजणीची सुरुवातच बदलली. दोन्ही प्रकार एका रकान्यात घातले तर आकडा खोटे बोलतो. शिवाय समेट अधिकाऱ्याकडे आणि मंत्रालयात गेलेले महिने या वजाबाकीत येतच नाहीत.

दुसरे उदाहरण. कामगार तारखांना आला नाही म्हणून 'वाद शिल्लक नाही' असा निवाडा होतो. याला मालकाचा विजय म्हणायचे? तो माणूस गावी गेला असेल, वारला असेल, बाहेर तडजोड करून बसला असेल. आमचे म्हणणे, याला वेगळा रकाना द्या. नाहीतर आमचे हजारो लोक हरले म्हणून नोंदले जातील.

वर्गात व्याख्याने कमी करा. प्रत्येकाला वीस निवाडे वाचायला द्या. तेच निवाडे दोघांनी वेगवेगळे वाचून तक्ता भरावा, मग ताडून पाहावे. जिथे मतभेद होईल तिथे नियम लिहून ठेवावा आणि तो नियम आकड्यांसोबत जपावा. कामगारांची नावे तक्त्यात नकोत. एकदा दाव्याला गेलेल्या माणसाला दुसरीकडे काम मिळणे किती कठीण, हे आम्ही रोज पाहतो.

नोव्हेंबर २०२५ मध्ये जुना कायदा जाऊन औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. तिने निकाल लवकर लागतात की नाही, हे जुन्या निवाड्यांची मोजणी हाती असल्याशिवाय कोण सांगणार? म्हणून घाई आहे.

आणि एक रोखठोक मागणी, आम्ही संघटनेचे लोक असल्यामुळे ती येणारच. हे काम अकरा महिन्यांच्या करारावरच्या ग्रंथपालाकडून होणार नाही. नियम ठरवणारा माणूस तिसऱ्या वर्षी जागेवर हवा. ग्रंथपालांच्या रिकाम्या जागा कायमस्वरूपी भरा, असा ठराव तुम्ही करा. आम्ही पाठिंबा देऊ.

आमच्या कार्यालयांतही समेटाच्या जुन्या फायली पेट्यांतून पडून आहेत. त्या लावायला कोणी येणार असेल, तर पेट्या उघडून द्यायला आम्ही तयार आहोत.